तपासलेला घास

आमच्या नातीला दिवस गेलेत. परवा ती राहायला आली आणि पानावर बसून थालीपीठ उलटंसुलटं करून बघायला लागली. "आजी, ह्यात तीळ घातलेत का गं? तेल कुठलं वापरतेस? कोथिंबीर नीट धुतली होतीस ना?" मी म्हटलं, "बाई गं, खायचं तर खा, नाहीतर ठेव. पण त्याच्याकडे असं फौजदारासारखं बघू नकोस." ती हसली, तिची आई हसली. मला मात्र हसू येईना. आत जाऊन पाटावर उगीचच बसून राहिले. अन्नाकडे असं बघणारा एक माणूस मी पाहिलाय. त्या बघण्यापायी एका पोरीचे काय हाल झाले तेही पाहिलेत.

टिपणीस आमच्या समोर राहायचे. अंधेरीला, स्टेशनवरून वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची दुमजली इमारत होती. वरच्या मजल्यावर आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर, मध्ये अरुंदशी गॅलरी. इकडे चहात साखर ढवळली की तिकडे ऐकू जायचं. तेव्हा अंधेरी म्हणजे काही मुंबई नव्हती. मागे नारळी, पुढे भाताची खाचरं, आणि माझा गिरगावातला मामा आमच्याकडे यायचा तो सोबत दशम्या बांधून घेऊन यायचा. जणू काशीला निघालाय!

मोरेश्वर टिपणीस सरकारी प्रयोगशाळेत होते. दुकानांतून, तबेल्यांतून, हॉटेलांतून उचलून आणलेले नमुने तपासणं हे त्यांचं काम. दुधात पाणी किती, तुपात वनस्पती किती, मिरचीपुडीत विटेचा भुगा आहे का, चहात वापरून वाळवलेला चोथा आहे का. दिवसभर हा माणूस लोकांच्या खाण्यातली लबाडी शोधायचा. अंगानं किडकिडीत, पांढरा स्वच्छ सदरा, बोलणं हळू. खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक असायचं. आमच्या घरी आले की माझ्या रव्याच्या डब्यातून ते फिरवायचे आणि त्याला चिकटलेली काळी पूड माझ्या नाकासमोर धरून म्हणायचे, "घ्या वहिनी, गिरणीचं लोखंड. दिसतं तसं नसतं!"

'दिसतं तसं नसतं' हे त्यांचं पालुपद. गूळ आणला, दिसतं तसं नसतं. हिंग आणला, दिसतं तसं नसतं. एकदा आमच्या ह्यांनी नवा कोट शिवून आणला तेव्हासुद्धा टिपणिसांनी अस्तर चिमटीत धरून तेच म्हटलं. आमचे हे आठवडाभर तो कोट घालायला तयार नव्हते.

सकाळी भय्या दूध घेऊन आला की आधी टिपणिसांच्या दारात थांबायचा. थांबायलाच लागायचं. टिपणीस उंच भांड्यात दूध ओतून घ्यायचे, त्यात दुधातलं पाणी दाखवणारी काचेची नळी सोडायचे, आणि नळी स्थिर होईपर्यंत आम्ही चार बायका पातेली घेऊन श्वास धरून उभ्या. भय्या हात जोडून म्हणायचा, "साहब, भगवान कसम, भैंस ने जैसा दिया वैसा लाया." टिपणीस मान वर न करता म्हणायचे, "तो तुम्हारी भैंस नल के नीचे सोती है क्या?" सगळा मजला हसायचा. भय्यापण हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी जरा बेतानं घालायचा.

माझ्या नणंदेच्या लग्नात तर कमालच झाली. पंगतीत जिलबी पानात पडली, तर टिपणिसांनी तुकडा मोडून पाण्याच्या पेल्यात टाकला आणि रंग कसा सुटतो ते बघत बसले. पंगत खोळंबली. माझ्या सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणायचे, वाढपात होत्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. "मोरेश्वर," त्या म्हणाल्या, "अरे, जावई परवडला पण तू नको! खा मुकाट्यानं." टिपणिसांनी मुकाट्यानं मठ्ठा प्यायला. तोही वास घेऊन.

तेव्हा आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं ते. आणि सगळ्यांत जास्त हसायची ती त्यांची बायको, कुसुम.

कुसुम लहानखुरी, सावळी, बोलायला लागली की थांबायची नाही. आईवडील लहानपणीच गेलेले. एक मोठा भाऊ, रघुनाथ, तो खाडीपलीकडे मढला शाळामास्तर. तेवढंच तिचं माहेर. हाताला चव अशी की तिच्या वालाच्या बिरड्याचा वास गॅलरीत आला की आमच्याकडची आमटी आपोआप फिकी पडायची. पण रांधण्यापेक्षा तिचं खाणं बघावं! मांडी ठोकून बसायची, भातात बोटं घालून मनापासून कालवायची, आणि मग मान किंचित वाकडी करून असा घास घ्यायची की बघणाऱ्याला भूक लागावी. टिपणीस वास घेत बसले की म्हणायची, "अहो, भात वाढू ना? की उद्या रिपोर्ट आल्यावर वाढू?" आणि तेही लाजून हसायचे. तिच्यापुढे त्यांची मात्रा चालायची नाही.

लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर तिला पहिल्यांदा दिवस राहिले. ती बातमी कळली त्या संध्याकाळी टिपणीस कचेरीतून येताना स्टेशनजवळच्या दुकानातून बासुंदी घेऊन आले. हातात मातीचं मडकं, वर केळीचं पान बांधलेलं, आणि चेहरा असा उजळलेला की मी दारातूनच विचारलं, "काय भावोजी, लॉटरी लागली का?" "तसंच समजा," म्हणाले आणि जवळजवळ पळतच आत गेले.

त्या रात्री कुसुमला उलट्या-जुलाब सुरू झाले. चौथ्या दिवशी सगळं संपलं.

स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं सांगितलं की असं होतं, पहिल्या खेपेला पुष्कळ जणींचं होतं, ह्याचा बासुंदीशी संबंध असेलच असं नाही. कुसुमनं रडून घेतलं, महिनाभरानं पुन्हा बिरडं शिजलं, पुन्हा तिचा आवाज गॅलरीत ऐकू यायला लागला. टिपणिसांनी मात्र कानाला खडा लावला. बाहेरचा पदार्थ घरात बंद. ते आता वास घेताना हसत नसत आणि 'दिसतं तसं नसतं' म्हणेनासे झाले. मला वाटलं, दुःख आहे, निवळेल.

पुढच्या दिवाळीनंतर एका सकाळी कुसुम नळावर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. कळशी भरून वाहायला लागली तरी हिचं लक्ष नाही. मी म्हटलं, "काय गं? राहिले वाटतं?" तिनं मान हलवली. मी तिच्या गालावरून हात फिरवला तर तिचे डोळे भरले. "मालूताई," ती म्हणाली, "ह्यांना कसं सांगू गं?" बायका ही बातमी नवऱ्याला सांगताना लाजतात. ही पोर घाबरत होती.

सांगितलं एकदाचं. आणि त्या दिवसापासून त्या घरातून एकेक जिन्नस बाहेर जायला लागला. आधी तेल गेलं, त्यात पिवळ्या धोतऱ्याचं बी असतं म्हणून. मग मिरची. मग हळद, कारण तिला रंग देतात. मग चहा, गूळ, बेसन. मासळी तर पहिल्याच दिवशी बंद. कायस्थाच्या घरात मासळी बंद म्हणजे काय, ते आमच्यासारख्यांना नाही कळायचं. कुसुम म्हणाली, "सुतक पडल्यासारखं वाटतं गं." जी काही भाजी यायची ती लाल औषधाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवायची, तिला दवाखान्याचा वास यायचा. तांदूळ दाणा दाणा निवडायचा. दूध तपासायचं, उकळायचं, पुन्हा तपासायचं. सकाळी सगळ्या मजल्याचं दूध बघणारा माणूस आता आमच्या पातेल्यांकडे ढुंकूनही बघेना. दार लावून घ्यायचा. आतून नळ्यांचा किणकिण आवाज यायचा.

बरं, एवढं करून तिला उलट्या व्हायच्या त्या होतच. कुणाला होत नाहीत? मला आमची शोभा पोटात असताना नुसत्या फोडणीच्या आवाजानं व्हायच्या. पण टिपणिसांच्या लेखी प्रत्येक उलटी हा पुरावा होता. काहीतरी सुटलं, कुठलं तरी विष आपल्या हातून निसटून तिच्या पोटात गेलं. मग आणखी एक जिन्नस बंद. एका दुपारी कुसुम माझ्याकडे येऊन भिंतीला टेकून बसली. डोळ्यांखाली काळं, बांगड्या कोपरापर्यंत वर जाव्यात असे हात. म्हणाली, "ओकारी झाली की हे मोरीत वाकून बघतात, मालूताई. काल त्यांनी ते बाटलीत भरून कचेरीत नेलं."

"काय निघालं?" मी आपलं काहीतरी विचारलं.

"काय निघणार? भात निघाला."

आणि ती हसली. तिचं ते हसणं मला आजही नको वाटतं.

मग तिनं खरं काय ते सांगितलं. भूक तर तिला लागत होती. पण ती जेवायला बसली की टिपणीस समोर बसायचे. स्वतः जेवायचे नाहीत, तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. घास तोंडात गेला की ह्यांचे डोळे तिच्या गळ्यावर. गिळला की पोटावर. कपाळावर घाम. "त्यांच्याकडे बघितलं की मला वाटतं, मी विषच खातेय. घास नुसता फिरत राहतो गं तोंडात. खाली जातच नाही." ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "त्यांना रागावूही शकत नाही मी. ते माझ्यावर एवढं प्रेम करतात!"

डॉक्टरीणबाईंनी तिचं वजन केलं आणि टिपणिसांना फैलावर घेतलं. मी सोबत गेले होते. "वाढायचं सोडून उतरतंय," बाई म्हणाल्या. "ह्या बाईच्या अंगात स्वतःपुरतं रक्त नाही, त्यात मूल कुठून जगायचं? काहीही घाला, पण पोटभर घाला. असंच चाललं तर ही खेपही जाईल, आणि ह्या वेळी ती वाचेल की नाही ते मी सांगत नाही." टिपणीस उभे होते ते खालीच बसले. "मी कुठे नको म्हणतो?" ते म्हणाले. "मी तर दिवसभर तिच्या खाण्याशिवाय दुसऱ्या कशाचा विचारच करत नाही." आणि ते खरं होतं हो! त्याचंच तर वाईट वाटतं.

माईंनी मग सूत्रं हातात घेतली. "तो कचेरीत गेला की पोरीला इकडे आण," मला म्हणाल्या. मुगाची मऊ खिचडी केली, लिंबाचं लोणचं काढलं, दार पुढे लोटलं. "बस गं. कोणी बघत नाही. मीपण तोंड तिकडे करते." कुसुमनं भीत भीत एक घास घेतला. मग दुसरा. मग तिची मान, पूर्वीसारखी, किंचित वाकडी झाली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पानावर आणखी तूप घालायला मी उठले, तेवढ्यात दार ढकललं गेलं.

टिपणीस. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, धावत आलेले, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. त्यांना कचेरीत राहवलंच नव्हतं. त्यांनी कुसुमकडे बघितलं, पानाकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून गेलं, "माई, ह्यात हळद कुठली घातलीत?"

कुसुमचा घास तिथेच थांबला. ती तोंडावर हात धरून मोरीकडे धावली.

"मेल्या!" माई कडाडल्या. "तुझी हळद घाल चुलीत! अरे, दोन घास जात होते पोरीच्या पोटात, ते बघवले नाहीत तुला?"

मला वाटलं, आता भांडण होणार. पण टिपणीस उंबऱ्यावरच बसले, दोन्ही हातांत डोकं धरून. "मला कळतंय, माई," ते म्हणाले. "सगळं कळतंय. मी वाटेत दहादा ठरवलं होतं की काही विचारायचं नाही. पण मला थांबताच येत नाही." मग बराच वेळ आतून ओकारीचा आवाज येत राहिला आणि प्रत्येक आवाजाला हा माणूस चाबूक बसावा तसा दचकत राहिला. जरा वेळानं म्हणाले, "जन्मभर लोकांचं अन्न तपासलं. आणि त्या दिवशी ती बासुंदी मी नाकालासुद्धा लावली नाही. चमचाभर चाखलीही नाही. वाटलं, सगळी तिलाच द्यावी. मी चाखली असती तर मलाच झालं असतं ना, माई? कळलं तरी असतं."

माईंचा राग तिथेच ओसरला. त्यांनी टिपणिसांच्या पाठीवर हात ठेवला. पण ह्या दुखण्याला कुठल्याच सासूच्या बटव्यात औषध नव्हतं.

तो प्रयोग फसला. त्यानंतर कुसुम आमच्याकडेही जेवेना. दाराचा जरा आवाज झाला की तिचा हात पानावरून उठायचा. माझा जीव टांगणीला लागला होता. रोज सकाळी उठलं की मी आधी त्यांच्या दाराकडे बघायचे. ते उघडं दिसलं की म्हणायचे, चला, रात्र तर निभावली.

त्याच सुमारास आमच्या शोभाच्या पाटीवरच्या पेन्सिली हरवायला लागल्या. शोभा पहिलीत. नवी पेन्सिल दप्तरात ठेवावी, संध्याकाळी नाही. दोनदा मी तिला रागावले, "शाळेत वाटतेस काय गं, कर्णाचा अवतार?" ती रडून शपथा घ्यायला लागली. मग एका दुपारी मी वाळवण बघायला गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीआड कुसुम बसलेली. गाल हलत होता. कडाकडा काहीतरी चावत होती. मला बघून तिनं पटकन ओठ पुसले, पण हनुवटीवर पांढरं राहिलंच. मांडीवर पदरात पेन्सिलीचे तुकडे.

मी तिच्याजवळ बसले. रागावणार कुठल्या तोंडानं? "कुसुम, अगं हे काय खातेस?"

"ह्यात कोण काय मिसळणार, मालूताई?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. "हे कोणी तपासत नाही. खाताना माझ्याकडे कोणी बघत नाही. एवढंच राहतं गं माझ्या पोटात." आणि तिनं उरलेला तुकडा तोंडात टाकला, बडीशेप टाकावी तसा.

मी खाली येऊन माईंना सांगितलं. माई म्हणाल्या, "बायका माती खातात दिवस असताना. मीही भाजकी खापरी खाल्लीय. पण जेवण टाकून नाही खाल्ली. हे आता हाताबाहेर गेलं." टिपणीस कचेरीतून आल्या आल्या माईंनी त्यांना आत बोलावलं, शोभाच्या दप्तरातली एक पेन्सिल त्यांच्या हातावर ठेवली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "हे खाऊन जगतेय तुझी बायको. तुझ्या घरातलं शुद्ध अन्न टाकून."

टिपणिसांनी पेन्सिल हातात घेतली. हात सवयीनं नाकाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. तो हात त्यांनी खाली आणला आणि त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. चेहरा पांढराफटक. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"माई," शेवटी ते म्हणाले, "घरातलं सगळं काढून टाकलं मी. आता काढायला एकटा मीच उरलोय."

"असं अभद्र बोलू नकोस."

"अभद्र नाही. रघुनाथला बोलावतो. ती मढला राहील. मी तिकडे जाणार नाही."

"अरे, खाडी ओलांडली की मढ. रविवारचा तरी जा की!"

"गेलो तर पहिलं त्यांच्या विहिरीचं पाणी तपासीन," टिपणीस म्हणाले आणि हसायला गेले, पण ते हसणं मध्येच मोडलं आणि तो माणूस माईंच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला. पुरुषमाणसाला असं रडताना मी आमच्या घरात तेवढंच एकदा पाहिलं.

कुसुम आधी ऐकेचना. "बाळंतपणाला सातव्यात जातात, तिसऱ्यात कोण जातं? लोक काय म्हणतील?" लोक म्हणायचं ते म्हणतच होते. खालच्या मजल्यावर 'नवऱ्यानं टाकली' इथपर्यंत मजल गेली होती. पण तिचं खरं दुखणं वेगळं होतं. "मी गेले की हे जेवणारच नाहीत, मालूताई. ह्यांना धड भातसुद्धा करता येत नाही." टिपणीस दारात उभे होते. म्हणाले, "तू जेव. माझं मग बघू." कुसुमशी बोलताना मी त्यांना ऐकलं ते तेच शेवटचं.

कुसुमला पुढे मुलगी झाली, सुखरूप, हे इथेच सांगून टाकते, उगीच तुमच्या जिवाला घोर नको. पण तोवर आमच्या ह्यांची बदली होऊन आम्ही अंधेरी सोडली होती, आणि मुलीचा हात धरून चालणारे टिपणीस मी काही पाहिले नाहीत. मला ते आठवतात ते वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचे.

रघुनाथ न्यायला आला त्या दिवशी मीही पोचवायला गेले. गावापर्यंत घोडागाडी, पुढे वाळूतून पायी. टिपणीस वळकटी घेऊन सगळ्यांच्या मागे चालत होते, तिच्यापासून चार हात राखून. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, ऊन चढलेलं, वास असा की मी पदर नाकाला लावला. मला वाटलं, ही पोर आता इथेच ओकते. तर ती वाळूत उभी राहिली आणि तिनं छाती भरून श्वास घेतला.

होडी अजून पलीकडेच होती. उपड्या घातलेल्या एका होडीच्या सावलीला एक म्हातारी कोळीण जेवत बसली होती. मांडीवर तांदळाची भाकरी, तिच्यावर निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, कडेला काळी राख लागलेला. माशा घोंघावत होत्या. म्हातारी एका हातानं त्या हाकलत होती आणि तोच हात लुगड्याला पुसत होती.

कुसुम तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. "आजी," ती म्हणाली, "मला एक घास देता? भूक लागलीय."

रघुनाथ ओशाळला. "कुसुम, अगं काय हे! घरी वहिनीनं स्वयंपाक केलाय."

म्हातारीनं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "पोटुशी हाय नं तू? मंग लाजतेस कनाला? बस गो बाय." आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडून, त्यात बोंबील चुरगळून तिनं पुढे केला.

कुसुमनं हात पुढे केला आणि तिची नजर टिपणिसांवर गेली. हात तिथेच राहिला.

मीही वळून बघितलं. टिपणीस सगळं बघत होते. माशा, राख, म्हातारीची नखं, ते लुगडं. तोंड उघडलं होतं त्यांचं. माझ्या मनात आलं, नका हो विचारू भावोजी, तुमच्या पाया पडते, आत्ता नका विचारू.

त्यांनी वळकटी वाळूत ठेवली, पाठ फिरवली आणि चालायला लागले. आधी हळू, मग भरभर. मग ते धावायलाच लागले. चपला वाळूत रुतत होत्या तर त्यांनी त्या काढून हातात घेतल्या आणि बोंबलांच्या रांगांमधून तो किडकिडीत माणूस अनवाणी धावत सुटला, रस्त्याच्या दिशेनं, एकदाही मागे न बघता. बायकोला 'येतो' म्हणाला नाही. तिला होडीत चढवायलाही थांबला नाही.

कुसुम म्हातारीच्या शेजारी वाळूत बसली. तिनं पहिला घास घेतला, चावला, गिळला. आम्ही कोणी तिच्याकडे बघितलं नाही. रघुनाथ खाडीकडे तोंड करून उभा राहिला, मी पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिले.

"गेले?" जरा वेळानं तिनं विचारलं.

"गेले," मी म्हटलं.

"बरं झालं," कुसुम म्हणाली आणि तिला रडू फुटलं. गालावरून पाणी खाली भाकरीवर पडत होतं आणि ती तशीच रडत रडत खात होती. तेवढा तुकडा संपल्यावर तिनं डोळे न पुसताच म्हातारीपुढे पुन्हा हात पसरला.